निवृत्तीनंतर दोघांनी शिडाच्या नौकेवरून जगप्रवास कसा करावा

साठीच्या आसपासची किंवा तिच्याही पुढची जोडपी स्वतःच्या शिडाच्या नौकेवर राहून महासागर ओलांडतात, ही आता अपवादात्मक गोष्ट राहिलेली नाही. कॅनरी बेटांत, पनामात किंवा ताहितीच्या बंदरात हंगामाच्या दिवसांत अशी अनेक जोडपी भेटतात. आम्ही उभयतांनी याच वाटेने प्रवास केला. तयारीच्या काळात ज्या प्रश्नांची उत्तरे आम्हाला ठिकठिकाणी विखुरलेली सापडली, ती नव्याने निघणाऱ्यांसाठी एका जागी, क्रमाने मांडावीत या हेतूने हा लेख लिहीत आहे.

पुढच्या सर्व सल्ल्यांमागे एकच कसोटी आहे आणि ती आरंभीच सांगितलेली बरी. दोघांच्या नौकेवर समुद्रात असताना बहुतेक वेळ एकच माणूस काम करत असतो, कारण दुसरा झोपलेला असतो. दुखापत झाली, ताप आला किंवा बोट लागली, तर ही स्थिती कित्येक दिवस टिकू शकते. म्हणून नौका, साधने, मार्ग किंवा वेळापत्रक यांपैकी काहीही ठरवताना ‘हे आपल्यापैकी कोणालाही, एकट्याने, रात्री, वारा वाढलेला असताना जमेल का?’ असे विचारावे आणि उत्तर नकारार्थी आले तर बेत बदलावा.

१. आधी दोघांनी एकमेकांशी बोलावे

किती वर्षे जायचे, वर्षातले किती महिने नौकेवर राहायचे, मुलांना आणि नातवंडांना भेटायला केव्हा परतायचे, वृद्ध आईवडिलांची जबाबदारी कोणाकडे राहील आणि कोणत्या परिस्थितीत प्रवास थांबवायचा, हे प्रश्न नौका विकत घेण्यापूर्वी सुटले पाहिजेत. अर्धे वर्ष नौकेवर आणि चक्रीवादळांच्या हंगामात नौका सुरक्षित जागी उचलून ठेवून अर्धे वर्ष घरी, ही पद्धत अनेक जोडपी पाळतात आणि उतारवयात ती फार सोयीची ठरते.

निघण्याच्या बाबतीत दोघांनाही नकाराधिकार असावा. हवामान, थकवा किंवा नुसती अस्वस्थता यांपैकी कोणत्याही कारणाने एकाने ‘आज नको’ म्हटले की चर्चा न करता मुक्काम वाढवायचा, हा नियम आम्ही पाळला आणि त्याची उपयुक्तता मी आग्रहाने सांगेन.

एक नेहमीचा सापळा असा की दोघांपैकी एकजण कप्तान होतो आणि दुसरा स्वयंपाकघरात व दोर धरण्यापुरता उरतो. ही विभागणी घरगुती सवयीतून आपोआप होते, म्हणून ती जाणीवपूर्वक मोडावी लागते. आठवड्याआड भूमिका बदलाव्यात. धक्क्याला नौका लावणे, नांगर टाकणे, इंजिनाचे तेल तपासणे आणि रेडिओवर बोलणे ही कामे दोघांच्याही हातांना सारखीच सरावाची असावीत.

२. शिक्षण आणि सराव

शिडाच्या नौकेचे प्राथमिक आणि किनारी प्रशिक्षण दोघांनी घ्यावे, आणि शक्य असल्यास वेगवेगळ्या नौकांवर घ्यावे. एकत्र शिकताना अधिक आत्मविश्वास असलेला जोडीदार नकळत सगळी कामे ओढून घेतो. युरोपातील अनेक देशांत भाड्याने नौका घेण्यासाठी किंवा स्वतःची नौका चालवण्यासाठी ‘इंटरनॅशनल सर्टिफिकेट ऑफ कॉम्पिटन्स’ मागितले जाते. ते संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या ४० क्रमांकाच्या ठरावानुसार दिले जाते. त्याखेरीज व्हीएचएफ (जवळच्या नौकांशी व किनाऱ्याशी बोलण्याचा) रेडिओ चालवण्याचा परवाना, प्रथमोपचार, डिझेल इंजिनाची देखभाल आणि समुद्रात जीव वाचवण्याचे प्रशिक्षण घ्यावे. या शेवटच्या प्रशिक्षणात पोहण्याच्या तलावात प्रत्यक्ष जीवरक्षक तराफ्यावर चढायला लावतात. ओल्या कपड्यांत, फुगलेल्या लाइफ जॅकेटसह तराफ्यावर चढणे किती कठीण असते, हे वाचून कळत नाही.

त्यानंतर दोन आठवड्यांसाठी भाड्याची नौका घ्यावी, त्यात किमान एक संपूर्ण रात्र समुद्रात चालावे आणि मगच खरेदीचा विचार करावा. दुसऱ्या कोणाच्या नौकेवर कर्मचारी म्हणून एखादा लांबचा टप्पा करता आला तर त्याहून चांगले.

३. नौका निवडणे

दोघांसाठी साधारण ३६ ते ४५ फूट लांबीची नौका पुरेशी असते. यापेक्षा मोठ्या नौकेचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे, कारण प्रदर्शनात धक्क्याला बांधलेली मोठी नौका अतिशय आरामशीर दिसते. परंतु लांबी थोडी वाढली तरी नौकेचे वजन, शिडांचे क्षेत्रफळ आणि दोरांवरचा ताण त्याहून कितीतरी वेगाने वाढतो. मोठ्या नौकेवरची सगळी कामे विजेच्या मोटरींवर चालतात, हे खरे. पण ती मोटर एखाद्या रात्री बंद पडली की सत्तरीच्या उंबरठ्यावरच्या एका व्यक्तीने ते शीड हाताने उतरवायचे असते.

एका तळाची नौका घ्यावी की दोन तळांची कॅटॅमरान, या प्रश्नाचे सर्वांना लागू पडणारे उत्तर नाही. एका तळाच्या नौकेला खाली कील नावाचा जड कणा असतो, त्यामुळे ती कलून चालते, पण आडवी पडली तरी पुन्हा सरळ होते. कॅटॅमरान जवळजवळ सपाट चालते, तिच्यावर वावरताना गुडघ्यांना आणि कमरेला कमी त्रास होतो, मात्र ती उलटली तर पुन्हा सरळ होत नाही, सामानाचे ओझे वाढले की तिची चाल बिघडते आणि मरिनात, म्हणजे नौका भाड्याने बांधून ठेवण्याच्या बंदरात, तिला जागा मिळणे अवघड व महाग असते. सांधेदुखी असलेल्यांनी कॅटॅमरानचा विचार जरूर करावा, पण शिडे वेळेआधी लहान करण्याची शिस्त अंगी बाणवूनच.

वापरलेली नौका घेताना स्वतः नेमलेल्या स्वतंत्र सर्वेक्षकाकडून, नौका पाण्याबाहेर काढून तपासणी करून घ्यावी. विकणाऱ्याने किंवा त्याच्या दलालाने सुचवलेला सर्वेक्षक नको. कीलचे बोल्ट, सुकाणूचे बेअरिंग, डेकच्या आतल्या थरात मुरलेले पाणी, डोलकाठीच्या तारा जिथे अडकवतात ते धातूचे पट्टे आणि तळातून पाणी आत-बाहेर नेणारे झडपांचे जोड या जागा विशेष बारकाईने पाहाव्यात. डोलकाठीला आधार देणाऱ्या तारांचे वय विचारावे. साधारण दहा-बारा वर्षांनंतर त्या बदलाव्यात असे मानले जाते आणि अनेक विमा कंपन्या त्याचा पुरावा मागतात. नौकेचे फक्त फोटो पाहून दूरच्या देशात व्यवहार करू नये. ‘जगप्रवासासाठी पूर्ण सज्ज’ या जाहिरातीतल्या शब्दांना फारशी किंमत देऊ नये, कारण दहा वर्षे जुनी उपकरणे बहुधा बदलावीच लागतात.

मालकी हक्काची साखळी, नौकेवर कर्ज किंवा थकबाकी नसल्याचा पुरावा आणि युरोपीय संघात नौकेवरील मूल्यवर्धित कर भरल्याचे कागद खरेदीच्या वेळीच ताब्यात घ्यावेत. नंतर ते मिळवणे फार जिकिरीचे होते.

वार्षिक देखभालीसाठी नौकेच्या किमतीच्या सुमारे १० टक्के रक्कम वेगळी ठेवावी, असा एक सर्वसाधारण हिशेब आहे. जुन्या नौकेला पहिल्या वर्षी याहून बराच अधिक खर्च येतो. म्हणून हाताशी असलेली सगळी रक्कम खरेदीत घालू नये.

४. नौका सज्ज करणे

खर्चाचा क्रम ठरवताना पहिले स्थान आपोआप दिशा धरणाऱ्या यंत्रणेला द्यावे. दोन माणसांनी तीन आठवडे हाताने सुकाणू धरणे शक्य नसते. यासाठी विजेवर चालणारा ऑटोपायलट आणि वाऱ्याच्या जोरावर चालणारे विंडव्हेन, असे दोन परस्परांपासून स्वतंत्र मार्ग असावेत. विंडव्हेनला वीज लागत नाही आणि वारा वाढला की ते उलट अधिक नेटाने काम करते. जोशुआ स्लोकम यांनी १८९५ ते १८९८ या काळात एकट्याने पहिली पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा त्यांची ‘स्प्रे’ ही नौका सुकाणू बांधून ठेवले तरी दीर्घकाळ दिशा धरून चालत असे. आजच्या हलक्या नौकांमध्ये हा गुण क्वचितच असतो, म्हणून यंत्रणा दुहेरी हवी.

दुसरे स्थान नांगराला. आधुनिक बनावटीचा, आपल्या नौकेसाठी शिफारस केलेल्या मापापेक्षा एक माप मोठा नांगर आणि किमान ६० ते ८० मीटर साखळी घ्यावी. १० मिलिमीटरच्या साखळीचे वजन मीटरला दोन किलोंहून जास्त असते. त्यामुळे साखळी ओढण्याचे विजेवर चालणारे यंत्र, म्हणजे विंडलास, हवेच, आणि ते बंद पडल्यास हाताने साखळी ओढण्याची सोयही तपासून ठेवलेली हवी.

समुद्रात पडलेल्या जोडीदाराला वर काढणे ही दोघांच्या नौकेवरील सर्वांत अवघड गोष्ट आहे आणि तिच्यावर अधिक लिहिणे आवश्यक वाटते. भिजलेल्या कपड्यांतले माणसाचे वजन एकट्याने डेकवर उचलता येत नाही. त्यासाठी कमरेभोवती घालायचा तरंगता पट्टा, त्याला जोडायचा कप्प्यांचा दोर किंवा शीड चढवण्याचा दोर आणि तो ओढण्याचे चक्र म्हणजे विंच, ही सगळी जुळणी कायम तयार असावी. दोघांपैकी कमी ताकदीच्या व्यक्तीने जड व्यक्तीला शांत पाण्यात, नांगर टाकलेल्या अवस्थेत, खरोखर वर काढून पाहावे. हा सराव दरवर्षी करावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोणी पडणारच नाही अशी व्यवस्था करावी. डेकच्या दोन्ही बाजूंनी ताणलेले मजबूत पट्टे असावेत, केबिनमधून बाहेर पाऊल टाकण्यापूर्वीच अंगावरच्या हार्नेसचा (सुरक्षापट्ट्याचा) हूक त्यांना अडकवावा आणि रात्री जोडीदाराला उठवल्याशिवाय नौकेच्या पुढच्या भागाकडे कोणीही जाऊ नये.

मुख्य शिडाच्या तळाशी असलेली आडवी काठी, म्हणजे बूम, मागून वारा असताना अचानक या बाजूची त्या बाजूला फिरते आणि त्यातून डोक्याला गंभीर दुखापती होतात. तिला पुढच्या बाजूने बांधून ठेवणारा दोर प्रत्येक वेळी लावावा.

बाकीच्या आवश्यक वस्तू अशा:

• ४०६ मेगाहर्ट्झचे ईपर्ब, म्हणजे संकटात उपग्रहामार्फत नौकेची जागा कळवणारे उपकरण, आपल्या नौकेच्या नावाने नोंदवलेले. वापरलेल्या नौकेवरचे ईपर्ब पूर्वीच्या मालकाच्या देशाच्या संकेताने भरलेले असते. नौकेचा ध्वज बदलला की ते नव्याने संकेतबद्ध करून घ्यावे लागते आणि किनाऱ्यावरच्या नातेवाइकांचे क्रमांकही नोंदणीत अद्ययावत ठेवावे लागतात.
• जीवरक्षक तराफा, तपासणीची मुदत न संपलेला, आणि त्याच्या शेजारी उचलून नेण्याची आणीबाणीची पिशवी.
• डीएससी (बटण दाबून संकटसंदेश पाठवण्याची) सुविधा असलेला व्हीएचएफ रेडिओ, एक हातातला जलरोधक रेडिओ आणि संदेश पाठवू व मिळवू शकणारे एआयएस, म्हणजे जहाजांनी एकमेकांना आपली जागा व वेग कळवण्याची यंत्रणा.
• उपग्रहाद्वारे संपर्काचे साधन, ज्यावरून हवामानाच्या फायली उतरवता येतील.
• वादळात वापरायची छोटी शिडे, आणि नौकेचा वेग रोखण्यासाठी मागे सोडायचा ड्रोग.
• तळाच्या प्रत्येक झडपेजवळ बांधून ठेवलेली लाकडी पाचर, एक हातपंप आणि एक विजेचा पंप.
• सौर पॅनेल आणि पुरेशी बॅटरी. लिथियम बॅटरी बसवताना इंजिनाचा अल्टरनेटर थेट तिला जोडू नये. ती इतका प्रवाह खेचते की अल्टरनेटर जळू शकतो.
• समुद्राच्या पाण्यापासून गोडे पाणी करणारे यंत्र, परंतु त्यावर विसंबून टाक्या रिकाम्या ठेवू नयेत. पिणे आणि स्वयंपाक धरून दोघांना दिवसाला किमान दहा लिटर लागते असे मानून, अपेक्षित प्रवासाच्या दीडपट दिवसांचा साठा यंत्राशिवाय असावा.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळती झाली तर तो नौकेच्या तळात साचतो. सिलिंडर बाहेर उघडणाऱ्या कप्प्यात ठेवावेत आणि वापर संपताच झडप बंद करावी. देशोदेशी सिलिंडरच्या जोडण्या वेगळ्या असतात, म्हणून निरनिराळे अडॅप्टर जवळ ठेवावेत. धक्क्यावरची वीजही काही ठिकाणी ११० व काही ठिकाणी २३० व्होल्टची असते.

५. शरीर आणि औषधे

निघण्यापूर्वी हृदय, डोळे, दात आणि श्रवणशक्ती यांची तपासणी करून घ्यावी. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया लवकरच करावी लागणार असेल तर ती आधीच उरकावी, कारण रात्री जहाजांचे दिवे ओळखणे हे नजरेचेच काम आहे. नियमित औषधांचा साठा अपेक्षेपेक्षा कित्येक महिने अधिक असावा, तो नौकेवर दोन वेगळ्या जागी ठेवावा आणि प्रत्येक औषधाच्या मूळ रासायनिक नावासह डॉक्टरांचे पत्र सोबत असावे. कोडीनसारखी काही वेदनाशामके अनेक देशांत नियंत्रित आहेत, त्यामुळे ती आगमनाच्या वेळी स्वतःहून जाहीर करावीत.

बोट लागू नये म्हणून कानामागे लावायची स्कोपोलामीनची पट्टी वयस्कर माणसांत गोंधळ आणि भ्रम निर्माण करू शकते. काचबिंदू किंवा लघवी अडण्याचा त्रास असलेल्यांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच वापरू नये. कोणतेही नवे औषध पहिल्यांदा किनाऱ्यावर घेऊन पाहावे.

दक्षिण अमेरिका आणि आफ्रिकेच्या उष्ण कटिबंधातील देशांतून पुढे जाताना पीतज्वराच्या लशीचे प्रमाणपत्र मागितले जाते. ही लस एकदा घेतली की प्रमाणपत्र आता आयुष्यभर वैध असते, पण साठीनंतर प्रथमच ती घेणाऱ्यांना गंभीर दुष्परिणामांचा धोका अधिक असतो. म्हणून मार्ग नक्की करतानाच या विषयाच्या जाणकार डॉक्टरांशी बोलावे. भर समुद्रात वैद्यकीय सल्ला मिळू शकतो. रोममधील सीआयआरएम ही संस्था १९३५ पासून समुद्रावरील लोकांना विनामूल्य वैद्यकीय मार्गदर्शन करते. दोघांच्याही आजारांची आणि औषधांची एक पानी नोंद टेबलाजवळ चिकटवून ठेवली तर अशा वेळी शोधाशोध करावी लागत नाही.

६. कागदपत्रे

मूळ प्रती एका जलरोधक पिशवीत आणि छायाप्रतींचा एक गठ्ठा आगमनाच्या कामासाठी वेगळा ठेवावा.

• नौकेचे नोंदणी प्रमाणपत्र आणि खरेदीखत
• कर भरल्याचा पुरावा
• नौकेच्या रेडिओचा परवाना आणि चालवणाऱ्यांचे परवाने
• विम्याची कागदपत्रे, इंग्रजीखेरीज स्पॅनिश किंवा फ्रेंच भाषांतरासह मिळाल्यास उत्तम
• मुदत पुष्कळ शिल्लक असलेले पासपोर्ट आणि लागतील ते व्हिसा
• नौचालनाची प्रमाणपत्रे, लसीकरणाच्या नोंदी, औषधांची पत्रे
• नौकेवरील माणसांची यादी, बऱ्याच प्रतींत
• मागील बंदरातून निघताना मिळालेला निर्गमन दाखला

या यादीतला शेवटचा कागद नवखे लोक सर्वाधिक विसरतात. मागच्या देशाचा निर्गमन दाखला नसेल तर पुढच्या देशात प्रवेश नाकारला जाऊ शकतो. दुसरा सापळा विमानाने येणाऱ्यांसाठीच्या व्हिसा-सवलतीचा आहे. खासगी नौकेने येणाऱ्यांना ती प्रत्येक देशात लागू होत नाही, त्यामुळे व्हिसाची चौकशी करताना ‘स्वतःच्या नौकेने’ येत असल्याचे स्पष्ट लिहावे. शेंगेन क्षेत्रात, म्हणजे आपसात सीमातपासणी नसलेल्या युरोपीय देशांत, माणसांना कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येते, तर युरोपीय संघाबाहेरच्या रहिवाशांच्या नौकेला कर न भरता १८ महिने राहता येते. या दोन मुदतींची गल्लत करू नये.

७. मार्ग आणि ऋतू

जगप्रवासाचा मार्ग नकाशापेक्षा पंचांगावर अधिक अवलंबून असतो. उष्ण कटिबंधात पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारे व्यापारी वारे पाठीशी घेऊन पश्चिमेकडे जायचे आणि प्रत्येक समुद्रातील चक्रीवादळांचा हंगाम टाळायचा, या दोन तत्त्वांतून सगळे वेळापत्रक निघते.

अटलांटिकमध्ये चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर मानतात. म्हणून नौका कॅनरी बेटांतून नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीपर्यंत निघतात. कॅरिबियनपर्यंतचे अंतर सुमारे २,७०० सागरी मैल असून त्याला बहुधा तीन आठवडे लागतात. सरासरी पाच नॉटचा, म्हणजे तासाला पाच सागरी मैलांचा, वेग धरला तर दिवसाला १२० मैल होतात. यापेक्षा अधिक वेग गृहीत धरून कोणालाही पोहोचण्याची तारीख सांगू नये. कोणाच्या विमानाला किंवा वाढदिवसाला गाठण्यासाठी चुकीच्या हवामानात निघणे हे अपघातांचे फार जुने कारण आहे. स्पेन आणि पोर्तुगालच्या किनाऱ्यालगत, जिब्राल्टरच्या परिसरात, २०२० पासून ऑर्का देवमासे शिडाच्या नौकांची सुकाणू मोडत असल्याच्या घटना घडत आहेत. त्या भागातून जाण्यापूर्वी ताज्या नोंदी पाहाव्यात.

कॅरिबियनमधून पॅसिफिकमध्ये जाण्यासाठी पनामा कालवा आहे. १९१४ मध्ये सुरू झालेला हा कालवा नौकेला समुद्रसपाटीपासून सुमारे २६ मीटर उंचीवरच्या गातून सरोवरात चढवतो आणि पलीकडे उतरवतो. छोट्या नौकेची आधी मापे घेतली जातात. सुकाणू धरणाऱ्याखेरीज दोर सांभाळणारी चार माणसे आणि पुरेसे लांब चार दोर लागतात, शिवाय कालव्याचा सल्लागार नौकेवर येतो. याचा अर्थ दोघांना इथे तीन जणांची मदत घ्यावीच लागते. ओलांडण्याआधी दुसऱ्या नौकेवर दोर धरणारे म्हणून एकदा जाऊन यावे. त्यातून जलपाशांमधल्या (पाणी भरून-सोडून नौका चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या बंद कप्प्यांतल्या) पाण्याच्या खळबळीची कल्पना येते आणि मदतीची परतफेडही होते.

पुढे गालापागोसपासून मार्केसास बेटांपर्यंत सुमारे ३,००० मैलांचा, वाटेत एकही बेट नसलेला टप्पा आहे. तो मार्च ते जूनच्या दरम्यान करतात. दक्षिण पॅसिफिकमध्ये चक्रीवादळांचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल असल्याने त्याआधीच्या महिन्यांत फ्रेंच पॉलिनेशिया, कुक बेटे, टोंगा आणि फिजी पाहून बहुतेक नौका न्यूझीलंडकडे किंवा ऑस्ट्रेलियाकडे उतरतात. टोंगा किंवा फिजीपासून न्यूझीलंडचा टप्पा हजार-अकराशे मैलांचाच असला तरी त्यात व्यापारी वाऱ्यांचा पट्टा सोडून समशीतोष्ण हवामानात शिरावे लागते आणि कमी दाबाचे पट्टे आठवड्याच्या अंतराने येत राहतात. माझ्या मते संपूर्ण प्रदक्षिणेत धीर धरून योग्य दिवस निवडण्याची सर्वाधिक गरज याच टप्प्यात असते.

न्यूझीलंडने २०१८ पासून येणाऱ्या नौकेचा तळ स्वच्छ असण्याची सक्ती केली आहे. तळाला शंख-शेवाळ चिकटलेले असेल तर नौका बाहेर काढून साफ करण्याचा आदेश मिळू शकतो. तळ रंगवल्याच्या आणि साफ केल्याच्या पावत्या, पाण्याखालचे तारीखवार फोटो जपून ठेवावेत. ऑस्ट्रेलियात आगमनापूर्वी व्हिसा आणि आगाऊ सूचना दोन्ही आवश्यक आहेत. दोन्ही देशांत ताजी फळे, भाज्या, मध आणि मांस उतरवता येत नाही, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात साठा संपत आणावा.

हिंदी महासागरातून पश्चिमेकडे दोन वाटा आहेत. एक तांबड्या समुद्रातून सुएझकडे जाते. सोमालियाजवळच्या चाचेगिरीमुळे ती ओस पडली होती. २०११ मध्ये तेथे एका शिडाच्या नौकेवरील चौघे चाच्यांच्या कैदेत मारले गेले. २०२३ च्या अखेरीपासून येमेनजवळ जहाजांवर हल्ले सुरू झाले. दोन निवृत्त माणसांनी तिकडे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसरी वाट कोकोस, मॉरिशस आणि रियुनियनमार्गे दक्षिण आफ्रिकेला वळसा घालते. तेथे अगुल्हास हा वेगवान प्रवाह नैर्ऋत्येकडे वाहतो आणि नैर्ऋत्येचा वारा त्याच्या विरुद्ध सुटला की अत्यंत उंच व तीव्र लाटा उठतात. तो वारा येण्यापूर्वी पुढचे बंदर गाठता येईल एवढाच टप्पा घ्यावा. केप ऑफ गुड होप ओलांडल्यावर सेंट हेलेनामार्गे दक्षिण अटलांटिकचा प्रवास मात्र सहसा सौम्य असतो.

ही सगळी प्रदक्षिणा दोन वर्षांत होऊ शकते. पाच किंवा अधिक वर्षे घ्यावीत, असे मी सुचवेन. घाईत केलेल्या प्रदक्षिणेत दुरुस्तीला आणि शरीराला विश्रांती मिळत नाही.

८. मागे राहिलेली व्यवस्था

मृत्युपत्र, विश्वासू व्यक्तीला मुखत्यारपत्र, टपालाची आणि करविवरणाची सोय, बँकेच्या सांकेतिक संदेशांसाठी परदेशातही चालू राहणारा फोन क्रमांक, ही कामे निघण्यापूर्वी संपवावीत. काही निवृत्तिवेतन संस्था ठरावीक काळाने हयातीचा दाखला मागतात आणि तो ज्या महिन्यात द्यायचा, त्या महिन्यात आपण महासागरात नसू याची काळजी घ्यावी लागते. नौकेचा विमा घेताना महासागर ओलांडताना तिसऱ्या माणसाची अट आहे का, वादळी हंगामात नौका कोणत्या अक्षांशांबाहेर ठेवायची आणि वयाची मर्यादा किती, हे लेखी विचारावे. आरोग्यविम्यात दूरच्या बेटावरून रुग्णाला हलवण्याचा खर्च समाविष्ट हवा.

९. समुद्रावरची दिनचर्या

दोघांत तीन-तीन किंवा चार-चार तासांच्या पाळ्या लावाव्यात. पहिले दोन-तीन दिवस झोप लागत नाही आणि चिडचिड होते, नंतर शरीर जुळवून घेते. दुपारी एक वेळ तरी दोघांनी एकत्र जेवावे. त्याच वेळी हवामान, मार्ग आणि नौकेत आढळलेल्या झिजेविषयी बोलावे.

टेहळणी सतत ठेवणे हा १९७२ च्या आंतरराष्ट्रीय टक्करप्रतिबंधक नियमांतील पाचवा नियम आहे. छोट्या नौकेच्या डेकवरून क्षितिज चार मैलांच्या आसपास असते. वीस नॉट वेगाने समोरून येणारे जहाज क्षितिजावर दिसल्यापासून दहा-पंधरा मिनिटांत आपल्यापाशी पोहोचू शकते. एआयएसचा इशारा उपयोगी असला तरी मासेमारीच्या कित्येक बोटी एआयएस लावत नाहीत, त्यामुळे डोळ्यांनी पाहणे चुकवू नये. अंधार पडण्यापूर्वी, वारा कमी असला तरी, शीड एका टप्प्याने लहान करून ठेवावे. थोडा वेग जातो, परंतु झोपलेल्या जोडीदाराला मध्यरात्री उठवावे लागत नाही.

१०. बंदरात शिरणे आणि नांगर टाकणे

अनोळखी बंदरात किंवा प्रवाळांच्या खिंडीत रात्री शिरू नये. संध्याकाळी पोहोचलो तर समुद्रातच वेग कमी करून सकाळची वाट पाहावी. प्रवाळांच्या भागात सूर्य उंच आणि पाठीमागे असताना पाण्याचे रंग ओळखता येतात. दक्षिण पॅसिफिकमधील काही बेटांचे इलेक्ट्रॉनिक नकाशे प्रत्यक्ष जागेपासून सरकलेले असतात, म्हणून उपग्रहचित्रांशी ताडून पाहावे. आणखी एक महत्त्वाची बाब म्हणजे युरोप, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि आशियाच्या बहुतांश भागात बंदरात शिरताना वाट दाखवणारे लाल बोये (तरंगत्या खुणा) डाव्या हाताला असतात, तर उत्तर आणि दक्षिण अमेरिका, जपान, दक्षिण कोरिया व फिलिपिन्समध्ये ते उजव्या हाताला असतात. अटलांटिक ओलांडला की ही पद्धत बदलते.

परदेशात फक्त अधिकृत प्रवेशबंदरातच उतरावे, प्रवेशाची परवानगी मागणारा पिवळा ध्वज लावावा आणि परवानगी मिळेपर्यंत कप्तानाखेरीज कोणीही किनाऱ्यावर जाऊ नये. त्यानंतर पिवळा उतरवून यजमान देशाचा ध्वज उजव्या बाजूला चढवावा. फाटलेला किंवा मळलेला ध्वज लावणे अपमानकारक समजले जाते.

नांगर टाकताना पाण्याची खोली, त्यात उधाणाच्या भरतीची वाढ आणि नौकेच्या पुढच्या टोकाची उंची मिळवून आलेल्या आकड्याच्या किमान पाचपट साखळी सोडावी. सहा मीटर पाणी आणि दीड मीटर उंची असेल तर सुमारे ३८ मीटर. वारा वाढणार असेल तर सातपट. मग इंजिन मागे चालवून नांगर रुतल्याची खात्री करावी आणि पाणी स्वच्छ असेल तर पोहत जाऊन पाहावा. एकजण सुकाणूवर आणि एकजण साखळीवर असताना ओरडण्याऐवजी आधी ठरवलेल्या हाताच्या खुणा वापराव्यात.

११. थांबण्याचे नियोजन

प्रवास कुठे संपवायचा याचा विचार मधल्या वर्षांतच सुरू करावा. दूरच्या देशात नौका विकायची तर तेथील आयातकर, नोंदणीचे नियम आणि खरेदीदारांची संख्या यांवर किंमत ठरते. ज्या भागांत जगप्रवासाच्या नौकांची खरेदी-विक्री नियमित चालते, तेथे पोहोचूनच ती विक्रीला काढावी. तारांच्या, इंजिनाच्या आणि तळाच्या दुरुस्तीच्या सर्व पावत्या पहिल्या दिवसापासून तारीखवार लावलेल्या असतील तर नव्या खरेदीदाराच्या सर्वेक्षकाला त्या द्याव्यात. दरम्यान कोणाची प्रकृती बिघडली आणि नौका आहे तिथेच सोडून विमानाने परतावे लागले, तर ती सांभाळणाऱ्या बोटयार्डाला देण्यासाठी एक अधिकारपत्र, किल्ल्यांची यादी आणि सर्व झडपांचा आराखडा लिहून ठेवलेला असावा. प्रत्येक नव्या देशात शिरल्यावर जवळचे असे बोटयार्ड कोणते, याची नोंद त्या अधिकारपत्राच्या मागे करून ठेवावी.